नवऱ्याच्या रागाची रक्ततपासणी करावी का?

विचारणा डिचोली तालुक्यातल्या एका ताईंची आहे. थोडक्यात अशी: नवरा 46 वर्षांचा. खाणीवर स्वतःचा टिपर होता. खाणी बंद झाल्या, बँकेचे हप्ते थकले, टिपर विकावा लागला. आता पणजीत कॅसिनोच्या गिऱ्हाइकांची ने-आण करणारी गाडी रात्रपाळीत चालवतात. सकाळी येतात, पितात, जेमतेम चार तास झोपतात आणि उठल्यावर क्षुल्लक कारणावरून आधी आवाज, मग शिव्या, मग हात. सासरे असेच होते. आता 17 वर्षांच्या मुलाने दोनदा मोबाइल भिंतीवर आपटला. सासूबाई म्हणतात, "आमच्या घराण्याचं रक्तच गरम." घाड्याकडे (गावच्या मांत्रिकाकडे) जाऊन झालं, देवाला गाऱ्हाणं घालून झालं. आता पुतण्याने लॅबचं पॅकेज सुचवलं आहे: टेस्टोस्टेरॉन (पुरुषी हार्मोन), कॉर्टिसॉल (ताणाचं हार्मोन), थायरॉइड आणि वर 'ब्रेन मॅपिंग' (मेंदूतल्या विद्युत लहरींचा रंगीत नकाशा). ते करावं का? शेजारणीने आणून दिलेली, जेवणात न सांगता घालायची गोळी द्यावी का? आणि मुलगाही त्याच वळणावर जाणार का?

पत्राच्या मध्येच ताईंनी एक वाक्य लिहून टाकलं आहे: "कामावर मालक काहीही बोलला तरी हे मान वर करत नाहीत. गावात सगळे देवमाणूस म्हणतात."

ताई, आधी गोळीचं सांगतो. देऊ नका. दिली असेल तर आजच बंद करा. न सांगता द्यायच्या 'दारू सोडवायच्या' गोळ्यांत अनेकदा डायसल्फिरॅम असतं. पोटात गेलेल्या दारूचं आधी अ‍ॅसिटाल्डिहाइड होतं आणि यकृत त्याचा पुढे निचरा करतं. डायसल्फिरॅम हा निचराच अडवतं. मग वर फेणी गेली की चेहरा लालबुंद, छातीत धडधड, ओकाऱ्या, रक्तदाब खाली. हृदय कमजोर असेल तर जिवावर बेतू शकतं. गोळी थांबवल्यावरही तिचा असर दोन आठवड्यांपर्यंत राहू शकतो. हेच औषध आम्ही डॉक्टरही वापरतो, पण माणसाला सगळं समजावून, त्याचा होकार घेऊन, लिव्हर आणि हृदय तपासून. त्या गोळीत डायसल्फिरॅमऐवजी गुंगीचं औषध निघालं तर आणखी वाईट, कारण हा माणूस रात्री लोकांना गाडीत बसवून मांडवीच्या पुलावरून नेतो.

आता पॅकेज. त्यातली थायरॉइडची तपासणी राहू द्या. तिच्यात साखर, रक्तदाब आणि लिव्हरच्या तपासण्या जोडा. टेस्टोस्टेरॉन आणि कॉर्टिसॉल गाळा. ब्रेन मॅपिंगचे पैसे मुलाच्या फीसाठी ठेवा. असं का म्हणतो ते जरा विस्ताराने सांगायला हवं, कारण 'हार्मोन चढलं' हे स्पष्टीकरण आजकाल 'देवचार लागला'च्या जागी येऊन बसलं आहे आणि दोन्हींत माणूस नामानिराळा राहतो.

टेस्टोस्टेरॉनची ख्याती कोंबड्यांपासून सुरू होते. 1849 साली जर्मनीत गॉटिंगेनला आर्नोल्ड बर्टोल्ड यांनी नर पिल्लांचे वृषण काढले. ती वाढली, पण तुरा खुरटा, आरवणं नाही, झुंजणं नाही. काहींच्या पोटात त्यांनी वृषण पुन्हा बसवले. तिथे मज्जातंतूंची जुनी जोडणी नव्हती, तरी ती पिल्लं रीतसर भांडखोर कोंबडे झाली. म्हणजे काहीतरी रक्तातून वाहत जाऊन मेंदूपर्यंत पोचतं, एवढं तेव्हा ठरलं. खच्ची केलेला बैल गरीब होतो हे आपल्या शेतकऱ्याला त्याच्या कितीतरी आधी माहीत होतं, त्यामुळे ही गोष्ट सगळ्यांना पटकन पटली. माणसालाही ती तशीच लागू असेल असं गृहीत धरलं गेलं.

माणसांत मोजायला गेल्यावर मात्र फार थोडं हाती लागलं. रक्तातलं टेस्टोस्टेरॉन आणि आक्रमकता यांचा संबंध मोजणारे पुष्कळ अभ्यास 2005 साली एकत्र करून पाहिले, तेव्हा सहसंबंधाचा आकडा 0.08 च्या आसपास निघाला. हा आकडा 1 असता तर रिपोर्ट पाहून स्वभाव सांगता आला असता. 0 असता तर काहीच संबंध नसता. 0.08 म्हणजे शून्याच्या उंबऱ्यावर. तुमच्या यजमानांचा आकडा वर आला काय, खाली आला काय, मला त्यातून त्यांच्या हाताबद्दल काहीही सांगता येणार नाही. उलट बरीच वर्षं पिणाऱ्या माणसात तो कमीच येण्याचा संभव जास्त. मग कुणीतरी ताकदीचं इंजेक्शन सुचवेल आणि घरात एक नवं प्रकरण सुरू होईल.

आणखी एक गोष्ट सहसा कुणी लक्षात घेत नाही. माणूस सगळ्यात जास्त मारतो, चावतो, ढकलतो ते कोणत्या वयात? कॅनडात रिचर्ड ट्रेम्ब्ले यांनी मुलांच्या मागे वर्षानुवर्षं राहून हे मोजलं. उत्तर आलं दोन ते तीन वर्षांचं वय. तेव्हा अंगात टेस्टोस्टेरॉन नावापुरतं असतं. अंगणवाडीत तासभर बसणाऱ्या कुणालाही हे पटेल. पुढे वयात येताना मुलाचं टेस्टोस्टेरॉन अनेक पटींनी वाढतं, पण मारामारी त्या पटीत वाढत नाही. बहुतेकांची तर तोवर कमी झालेली असते. मारायला शिकावं लागत नाही. हात आवरायला शिकावं लागतं, आणि ते घरात बघून शिकतात.

मग हे हार्मोन करतं तरी काय? ते प्रसंग पाहून वर-खाली होतं. 1994 च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात ब्राझीलने इटलीला पेनल्टीवर हरवलं. अमेरिकेत टीव्हीसमोर बसून सामना पाहणाऱ्या दोन्ही बाजूंच्या मोजक्या चाहत्यांच्या लाळेचे नमुने सामन्याआधी आणि नंतर घेतले होते. ब्राझीलवाल्यांचं टेस्टोस्टेरॉन वाढलं, इटलीवाल्यांचं उतरलं. खेळले दुसरेच, हे नुसते बसून होते. विश्वचषक आला की सासष्टीत घराघरावर पिवळे झेंडे लागतात. तिथेही मोजलं तर हेच दिसेल अशी माझी अटकळ आहे. फिलिपिन्समधल्या सेबू शहरात 624 तरुणांना साडेचार वर्षांच्या अंतराने दोनदा तपासलं, तर जे मधल्या काळात बाप झाले त्यांचं टेस्टोस्टेरॉन इतरांपेक्षा जास्त उतरलं होतं, आणि जे रोज बाळाचं करत होते त्यांचं सगळ्यात कमी होतं. एके दिवशी सकाळी घेतलेल्या रक्ताच्या एका नळीवरून स्वभाव ठरवता येत नाही, तो याचसाठी.

2010 साली प्रसिद्ध झालेला झुरिकमधला एक प्रयोग मला फार आवडतो. स्त्रियांना टेस्टोस्टेरॉनचा एक लहान डोस किंवा नुसतंच खोटं औषध दिलं आणि पैसे वाटायचा खेळ खेळायला लावला. एकीने वाटा सुचवायचा. दुसरीने नाकारला तर दोघींनाही काही नाही. खरं टेस्टोस्टेरॉन मिळालेल्या स्त्रियांनी जास्त न्याय्य वाटे सुचवले. पण 'मला टेस्टोस्टेरॉन दिलंय' असं ज्यांना वाटत होतं, मग खरं मिळालेलं असो वा खोटं, त्या अधिक आपमतलबीपणे वागल्या. हार्मोनपेक्षा हार्मोनबद्दलच्या समजुतीने जास्त नुकसान केलं. तुमच्या घरात 'रक्तच गरम' हे वाक्य दोन पिढ्या म्हटलं जातंय, तेव्हा हा प्रयोग सासूबाईंना सोप्या शब्दांत सांगून पाहा.

आणि आता तो प्रयोग, ज्याच्यामुळे तुमचं ते मधलं वाक्य वाचून मी थबकलो. तालापोइन नावाची छोटी आफ्रिकी माकडं कळपात पायरी धरून राहतात. एक नंबरचा नर, दोन नंबरचा, असं खालपर्यंत. 1970 च्या दशकात अशा बंदिस्त कळपांतल्या नरांना बाहेरून टेस्टोस्टेरॉन देऊन पाहिलं. मधल्या पायरीवरचा नर जास्त भांडू लागला हे खरं. पण कुणाशी? आपल्याहून खालच्यांशी. वरच्या नरांपुढे तो होता तसाच नमून राहिला. हार्मोनने जोर वाढवला. तो कुणावर काढायचा ते ठरवलं कळपातल्या पायरीने.

माकडालाही कुठे थांबायचं ते कळतं. धिरयोमध्ये, म्हणजे गोव्यातल्या बैलांच्या झुंजींतसुद्धा हेच दिसायचं. उच्च न्यायालयाने नव्वदच्या दशकात त्यावर बंदी घातली, आणि ते योग्यच झालं, पण जुन्या लोकांनी पाहिलंय: शिंगाला शिंग लावून रेटणारा बैल समोरच्याचं वजन जोखतो आणि हरतोय असं दिसताच पाठ फिरवून पळतो. अंगात हार्मोन तेवढंच असतं.

मेंदूत हे सगळं कुठे घडतं? तळाशी हायपोथॅलॅमस नावाचा सुपारीहून लहान भाग आहे. झुरिकच्याच वॉल्टर हेस यांनी मांजरांच्या मेंदूत तिथे बारीक तारा घालून वीज सोडली, तर शांत मांजर पाठीची कमान करून फिस्कारायला लागायचं. पुढे दिसून आलं की त्या भागात दोन वेगळ्या जागा आहेत. एका जागी वीज दिली की फिस्कारणारा, केस पिंजारलेला, तप्त हल्ला. दुसऱ्या जागी दिली की आवाज न करता दबकत जाऊन उंदराची मान धरणं. दोन्ही हल्लेच, पण एक भय-संतापाचा आणि एक शिकारीचा. माणसांतही आम्ही हा फरक करतो. भडकून फेकलेलं ताट वेगळं, आणि बायको माहेरी फोन करते म्हणून थंड डोक्याने रोज तिचा मोबाइल काढून घेणं वेगळं. पहिल्यात औषधाचा थोडाफार उपयोग होतो. दुसऱ्यावर माझ्याकडे गोळी नाही.

2011 साली कॅलिफोर्नियात डेव्हिड अँडरसन यांच्या प्रयोगशाळेत उंदराच्या हायपोथॅलॅमसमधल्या मोजक्या पेशी प्रकाशाच्या झोताने चालू केल्या, तर उंदीर मादीवर तुटून पडला, आणि हवा भरून फुगवलेल्या हातमोज्यावरही. मेंदूत राग असा बटणासारखा असतो असं या प्रयोगावरून सांगितलं जातं. सांगणारे त्यातला दुसरा निष्कर्ष गाळतात: तोच उंदीर मादीशी समागम करत असताना तेच बटण दाबलं तर हल्ला घडवणं खूप अवघड जात होतं. प्रसंग बटणावर मात करतो.

हायपोथॅलॅमसच्या शेजारी बदामाच्या आकाराचं अमिग्डाला आहे, प्रत्येक बाजूला एक. धोका हुंगणं हे त्याचं काम. आणि कपाळामागे प्रीफ्रंटल कॉर्टेक्स, जो त्या हुंगण्याला 'थांब, हा मालक आहे, नोकरी जाईल' असं सांगतो. हा आवरणारा भाग माणसात पुरता तयार व्हायला विशी उलटून जाते. दोघांमधलं दळणवळण कमजोर असेल तर माणूस लवकर पेटतो. एड्रियन रेन यांनी 1997 साली खुनाचा आरोप असलेल्या 41 जणांच्या मेंदूची चित्रं घेतली, तर कपाळामागचा भाग इतरांच्या तुलनेत मंद चालत होता. पण ही सरासरी आहे. त्या सरासरीवरून एका माणसाच्या चित्राकडे बोट दाखवून 'हा मारणार' असं जगातला कुठलाही रेडिओलॉजिस्ट सांगू शकत नाही. ब्रेन मॅपिंगच्या रंगीत कागदावर तर नाहीच.

मेंदूतली ती जागाच काढून टाकावी, असंही लोकांनी करून पाहिलं आहे. 1949 चं नोबेल दोघांत वाटलं गेलं: एक मांजरवाले हेस, आणि दुसरे लिस्बनचे एगास मोनिझ, ज्यांनी 1935 साली कपाळामागचे तंतू कापायची शस्त्रक्रिया सुरू केली. गोवा तेव्हा पोर्तुगालच्या ताब्यात. आपल्याकडे मद्रासला राममूर्ती आणि बालसुब्रमण्यम या सर्जनांनी साठच्या दशकात आवरेनाशा मुलांच्या अमिग्डालावर शस्त्रक्रिया केल्या. आज 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यानुसार असं काही करायचं तर रुग्णाची संमती आणि मानसिक आरोग्य पुनरावलोकन मंडळाची परवानगी, दोन्ही लागतात. हा इतिहास सांगायचं कारण एवढंच की 'मेंदूतला राग काढून टाका हो डॉक्टर' असं म्हणणारे नातेवाईक मला आजही भेटतात.

आता तुमच्या यजमानांकडे वळू. त्यांना न तपासता निदान करणार नाही. पण पत्रात दोन गोष्टी अशा आहेत ज्या कोणत्याही हार्मोनपेक्षा वजनदार आहेत.

पहिली झोप. 2007 साली निरोगी तरुणांना सुमारे 35 तास जागं ठेवून त्रासदायक चित्रं दाखवली, तर त्यांचं अमिग्डाला झोपलेल्यांपेक्षा सुमारे 60 टक्के जास्त उसळलं, आणि कपाळामागच्या भागाशी त्याचं बोलणं तुटल्यासारखं झालं. तुमच्या घरी रोजची चार तासांची झोप, तीही दिवसा, उकाड्यात, कुकरच्या शिट्ट्यांत, शिवाय दारूमुळे उथळ. ते घोरतात का, घोरता घोरता श्वास अडकतो का, हे येताना सांगा.

दुसरी दारू. फेणीत साधारण 42 ते 43 टक्के अल्कोहोल असतं. सकाळी रिकाम्या पोटी ती वेगाने चढते. आवरणारा भाग आधी मंदावतो आणि माणसाला समोरची एकच गोष्ट दिसू लागते: भाजीत मीठ कमी आहे. उद्याचा दिवस, मुलाचे डोळे, काहीच दिसत नाही. तरीही दारूवर सगळं टाकता येत नाही. 1969 साली दोन अमेरिकी अभ्यासकांनी वेगवेगळ्या समाजांतली दारूची वागणूक पडताळून दाखवलं की काही ठिकाणी लोक पिऊन धुंद होतात पण भांडत नाहीत. पिऊन काय करायला चालतं हे समाज शिकवतो. तावेर्नात रोज संध्याकाळी पिणारे सगळेच घरी जाऊन मारत नाहीत, हे तुम्हालाही माहीत आहे. आपल्याच गोव्यात झालेला एक मोठा अभ्यास 2017 मध्ये प्रसिद्ध झाला. आरोग्य केंद्रांत येणाऱ्या, अपायकारक प्रमाणात पिणाऱ्या पुरुषांना साध्या प्रशिक्षित समुपदेशकांनी थोड्या बैठका दिल्या. तीन महिन्यांनी 36 टक्के जणांचं पिणं आटोक्यात आलं होतं. बैठका न मिळालेल्यांत हे प्रमाण 26 टक्के. इतक्या कमी खर्चात हे मोठं यश. पण बायकोला मारण्याच्या प्रमाणात फरक दिसला नाही. म्हणून 'दारू सुटली की सगळं ठीक होईल' असं तुम्हाला मी सांगणार नाही. दारूचा उपचार आणि मारण्याचा बंदोबस्त ही दोन वेगळी कामं आहेत.

सेरोटोनिन या मेंदूतल्या द्रव्याबद्दल पुतण्या विचारेल म्हणून थोडक्यात. भडकून गुन्हा करणाऱ्यांच्या पाठीच्या पाण्यात सेरोटोनिनचा अवशेष कमी सापडल्याचे अभ्यास सत्तर-ऐंशीच्या दशकांपासून आहेत. सेरोटोनिन वाढवणारं फ्लुओक्सेटिन अशा झटक्यासारख्या रागात दिलंही जातं. शंभर रुग्णांच्या एका चाचणीत राग पूर्ण किंवा बराचसा उतरला तो निम्म्याहून कमी जणांचा. औषध मदत करतं. स्वभाव बदलत नाही.

आता ते वाक्य. "मालक काहीही बोलला तरी हे मान वर करत नाहीत." मेंदू खरोखर बिघडला असेल तर राग सहसा माणसं निवडत नाही. स्कूटरवरून पडून कपाळाला मार लागलेला तरुण सासऱ्यावर ओरडतो, तसाच पोलिसावर आणि देवळातल्या भटजींवरही ओरडतो. फिट येऊन गेल्यावर गोंधळलेला रुग्ण जो धरायला जाईल त्याला ढकलतो, आणि नंतर त्याला काही आठवत नाही. साखर एकदम उतरलेला मधुमेही दुकानदाराशी भांडतो आणि साखरपाणी पिऊन वरमतो. आयुष्यभर शांत असलेला माणूस पन्नाशी-साठीत अचानक शिवराळ झाला तर मी स्वतः एमआरआय लिहून देतो. तुमच्या घरातला राग मात्र रात्रभर गाडीत, मालकापुढे, गिऱ्हाइकांपुढे थांबून राहतो आणि उंबरा ओलांडल्यावर सुटतो. म्हणजे कपाळामागचा भाग काम करतो आहे. झोप आणि दारू त्याला दुबळा करतात हे खरं, टिपर गेल्याचा घाव खरा, त्यावर मी उपचार करेन. पण घरात मारल्याची किंमत मोजावी लागत नाही, हेही त्याच मेंदूला पक्कं कळलेलं आहे.

याचा अर्थ ते नाटक करतात असा घेऊ नका. त्या क्षणी त्यांना खरंच आवरत नसल्यासारखं वाटत असेल. पण जो रात्री आवरू शकतो त्याला सकाळी आवरायला शिकवता येतं, आणि ज्याचा मेंदू सगळीकडेच बिघडला आहे त्याच्यापेक्षा ही आशा कितीतरी मोठी आहे.

मुलगा. सासूबाईंच्या रक्ताच्या सिद्धांताला इथे एक मजेशीर अडचण आहे. 1993 साली हॉलंडमधल्या एका कुटुंबात अनेक पुरुष हिंसक सापडले. त्यांच्यात एमएओए नावाचं जनुक बंद होतं. मेंदूतल्या सेरोटोनिनसारख्या द्रव्यांची विल्हेवाट लावणारं हे जनुक. पुढे वर्तमानपत्रं त्याला 'लढवय्या जनुक' म्हणू लागली. पण ते असतं एक्स गुणसूत्रावर, आणि मुलगा एक्स घेतो आईकडून. आजोबांकडून बापाकडे आणि बापाकडून नातवाकडे ते जाऊच शकत नाही. अर्थात रागाचा वारसा एका जनुकाचा नसतोच. जुळ्यांच्या अभ्यासांतून आक्रमकतेतल्या फरकांपैकी साधारण निम्मा वाटा आनुवंशिक दिसतो, तोही असंख्य जनुकांत विखुरलेला. न्यूझीलंडच्या डुनेडिनमध्ये जन्मापासून पाहिलेल्या 442 मुलग्यांचा 2002 चा अभ्यास जास्त सांगून जातो. एमएओए मंद असलेली आणि लहानपणी छळ सोसलेली मुलं गटात फक्त 12 टक्के होती, पण हिंसेच्या शिक्षांपैकी 44 टक्के त्यांच्या नावावर. जनुक मंद पण घर ठीक, अशा मुलांचं फारसं बिघडलं नाही.

घरातली मारहाण मुलाच्या मेंदूत दिसतेही. लंडनमध्ये 2011 साली घरगुती हिंसा पाहिलेल्या मुलांना रागीट चेहरे दाखवले, तर त्यांचं अमिग्डाला इतरांपेक्षा जोरात पेटलं. ती मुलं आजारी नव्हती. धोका लवकर ओळखायला त्यांचा मेंदू शिकला होता. तुमच्या मुलाने मोबाइल भिंतीवर आपटला तो कधी, हे आठवून पाहा. वडिलांचा आवाज चढल्यावर असेल, तर उपचार मुलापासून सुरू होत नाही.

तो जिमला जातो का? ट्रेनरने काही इंजेक्शन किंवा गोळ्या दिल्या आहेत का, ते न ओरडता विचारा. 'राग पंचिंग बॅगवर काढ' हा सल्ला मात्र देऊ नका. 154 अभ्यास एकत्र पाहिले तर राग बाहेर काढल्याने तो ओसरत नाही; शरीराची धग उतरवणाऱ्या गोष्टींनी, संथ श्वास, शवासन, योग यांनी ओसरतो.

करायचं काय? उद्यापासून एकदम दारू बंद करा असं यजमानांना सांगू नका. रोज पिणाऱ्याने झटक्यात थांबवलं तर दोन-तीन दिवसांत हातपाय थरथरणं, भास, फिट येऊ शकतात, आणि त्या अवस्थेत हिंसा वाढते. बांबोळीला आयपीएचबी या सरकारी मनोरुग्णालयात औषधांच्या आधाराने ती सोडवता येते. ते यायला तयार नसतील तर 'रागासाठी चला' म्हणू नका, 'झोपेसाठी चला' म्हणा. ड्रायव्हर माणूस झोपेचं ऐकतो. रात्रपाळी बदलून मिळते का हे मालकाला विचारायची चिठ्ठी मी देईन. ते आले नाहीत तरी तुम्ही आणि मुलगा या. घरातून फोनवर बोलायचं असेल तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर 14416.

आणि हात उठेल तेव्हा, उपचार चालू असोत वा नसोत, 112 किंवा महिलांसाठीचा 181 लावा. 2005 च्या घरगुती हिंसाचारविरोधी कायद्याखाली संरक्षण अधिकाऱ्याकडे तक्रार करता येते आणि त्यासाठी घर सोडावं लागत नाही. त्या घरात राहण्याचा हक्क तोच कायदा देतो. पोलीस आले तर 'डॉक्टरांचं औषध चालू आहे, आजारपणामुळे होतं' असं म्हणून त्यांना परत पाठवू नका.

येताना थायरॉइडचा आणि साखरेचा रिपोर्ट, ते घेत असलेल्या सगळ्या गोळ्या, आणि शेजारणीने दिलेली ती पुडीही घेऊन या. तिच्यात काय आहे ते बघायला हवं.